केबिन हीटर (मालवाहू ट्रक)

केबिन हीटर हे मालवाहू ट्रकच्या चालककक्षातील हवा गरम करणारे आणि समोरच्या काचेवर साचणारे बाष्प घालवणारे उपकरण आहे. बहुतेक ट्रकमध्ये ते स्वतंत्र इंधन जाळत नाही. इंजिनाभोवती फिरून गरम झालेल्या शीतक द्रवातील उष्णता घेऊन ते केबिनमध्ये सोडते. त्यामुळे हीटर कमजोर पडणे हा पुष्कळदा हीटरचा नव्हे, तर इंजिनाच्या शीतन व्यवस्थेतील बिघाडाचा संकेत असतो.

कोकण किनारपट्टीवरील उष्ण व दमट हवामानात हीटरची गरज जवळजवळ भासत नाही. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहरात तो वर्षानुवर्षे बंद राहू शकतो. मात्र याच शहराच्या काशीमीरा भागातून राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो आणि त्यावरून उत्तरेकडे निघालेले ट्रक काही दिवसांतच राजस्थान, हरियाणा व दिल्लीच्या हिवाळ्यात पोहोचतात. किनाऱ्यावर लक्षात न आलेला दोष तेथे प्रथम जाणवतो. हा लेख प्रामुख्याने जुन्या डिझेल ट्रकमधील कमजोर हीटरची कारणे, तपासणी, दुरुस्ती व संबंधित धोके यांविषयी आहे.

## रचना व कार्य

इंजिनात इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी मोठा भाग शीतक द्रव (कूलंट) वाहून नेतो. वॉटर पंप हा द्रव इंजिन ब्लॉक व सिलिंडर हेडमधून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही झडप बंद राहते व द्रव रेडिएटरकडे जात नाही. तापमान साधारणतः ७५ ते ८३ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले की झडप उघडू लागते.

हीटरची शाखा या मुख्य फेऱ्यातूनच काढलेली असते. तिचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे:

- होज पाइप: एक रबरी पाइप इंजिनाकडून गरम द्रव आणतो, तर दुसरा तो परत नेतो.
- हीटर कोअर: बारीक नळ्या व पातळ पत्र्यांच्या पंखांचा हा छोटा रेडिएटरच असतो. तो डॅशबोर्डच्या खाली किंवा मागे बसवलेला असतो.
- हीटरचा कॉक: कोअरकडे जाणारा गरम द्रव चालू-बंद किंवा कमी-जास्त करणारी झडप. जुन्या ट्रकमध्ये ती तारेच्या केबलने किंवा थेट हाताने फिरवली जाते.
- ब्लोअर: विजेच्या मोटारीवर चालणारा पंखा. तो कोअरवरून हवा ढकलतो.
- हवामार्ग व झडपा: गरम हवा पायांकडे, चेहऱ्याकडे किंवा समोरच्या काचेकडे वळवणारे मार्ग.

केबिन गरम होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. इंजिन पुरेसे गरम व्हावे लागते, गरम द्रव कोअरमधून वाहावा लागतो आणि कोअरवरून हवा वाहावी लागते. दोष शोधताना या तिन्ही अटी स्वतंत्रपणे तपासणे हे मूळ सूत्र आहे.

## भारतातील जुन्या ट्रकची पार्श्वभूमी

टेल्को (आताची टाटा मोटर्स) व जर्मनीतील डायमलर-बेंझ यांच्यात १९५४ साली सहकार्य करार झाला व भारतात मध्यम आणि अवजड ट्रकचे उत्पादन वाढले. दीर्घकाळ अनेक ट्रक केवळ चॅसी व इंजिन या स्वरूपात विकले जात. केबिन व हौदा स्थानिक बॉडी बिल्डर लाकूड आणि पत्रा वापरून तयार करीत. अशा केबिनमध्ये हीटर असेलच असे नसे. थंड प्रदेशात जाणारे मालक तो नंतर बसवून घेत. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन जुन्या ट्रकमध्ये पाइपांची मांडणी, कॉकची जागा व ब्लोअरची क्षमता वेगवेगळी आढळू शकते.

इंजिन केबिनच्या खाली असलेल्या ट्रकमध्ये चालक व क्लीनर यांच्यामध्ये इंजिनाचे झाकण असते. त्याची ऊब हिवाळ्यात सुखावह वाटते, पण ती हीटरचा पर्याय नाही. समोरच्या काचेवरचे बाष्प तिने जात नाही, आणि झाकणाचे रबर किंवा अस्तर झिजलेले असल्यास त्याच फटीतून धूर केबिनमध्ये येऊ शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक करण्याचे ठरवले. ही तरतूद नव्याने तयार होणाऱ्या वाहनांसाठी आहे. रस्त्यावर आधीपासून असलेल्या जुन्या ट्रकची स्थिती त्यामुळे बदलत नाही.

## मीरा-भाईंदर व किनारपट्टीवरील परिस्थिती

मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेले शहर आहे. येथील महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली. मुंबईतून उत्तरेकडे जाणारी वाहने दहिसर ओलांडून काशीमीरा भागात येतात. तेथून घोडबंदर मार्गाने ठाण्याकडे किंवा वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडून वसई, मनोर व तलासरीमार्गे गुजरातकडे जातात. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ८ या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग पुढे सुरत, वडोदरा, अहमदाबाद, उदयपूर, अजमेर व जयपूरवरून दिल्लीला पोहोचतो.

मुंबई परिसरात हिवाळ्यातील किमान तापमान सहसा १५ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास असते. सांताक्रूझ वेधशाळेतील सर्वांत कमी नोंद ७.४ अंश असून ती २२ जानेवारी १९६२ रोजीची आहे. मुंबईसाठी विक्रमी ठरलेली ही थंडी दिल्लीत जानेवारीतील नेहमीच्या पहाटेसारखीच आहे. पंजाब, हरियाणा व उत्तर राजस्थानात पारा कधीकधी शून्याजवळ जातो आणि दाट धुके पडते. महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसर थंडीच्या लाटेत एक आकडी तापमानासाठी ओळखला जातो.

किनारपट्टीवर राहणाऱ्या ट्रकमध्ये हीटर निकामी होण्यामागे पुढील सवयी व परिस्थिती कारणीभूत ठरतात:

1. हीटरची शाखा तोडणे. कोअर किंवा कॉक गळू लागला की नवा भाग बसवण्याऐवजी दोन्ही होज पाइप एकमेकांना जोडले जातात किंवा त्यांची तोंडे बंद केली जातात. गळती थांबते व हीटर नसल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.
2. थर्मोस्टॅट काढून टाकणे. इंजिन तापू नये या समजुतीने उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट काढण्याची प्रथा जुनी आहे. तसे केल्यास द्रव सतत रेडिएटरमधून फिरतो व थंड हवेत इंजिन आवश्यक तापमान गाठत नाही.
3. साध्या पाण्याचा वापर. खाडीकाठच्या भागात विंधण विहिरींचे पाणी मचूळ असण्याची शक्यता मोठी असते. असे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरत राहिल्यास क्षार व गंज यांचे थर साचतात. कोअरच्या नळ्या रेडिएटरच्या मानाने अरुंद असल्याने त्या लवकर तुंबतात.
4. खारी हवा. विजेची जोडणी, अर्थिंगचे नट, कॉक व केबल यांवर गंज चढतो. अनेक महिने न फिरवलेला कॉक जागीच जाम होतो.

## लक्षणे व संभाव्य कारणे

- हवा जोरात येते, पण थंड. तापमापकाचा काटाही खाली: थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकलेला आहे किंवा काढलेला आहे.
- हवा जोरात येते, पण थंड. काटा मात्र नेहमीच्या जागी: कॉक बंद किंवा जाम, कोअर तुंबलेला, पाइपात हवा धरलेली किंवा शाखा तोडलेली.
- हवा गरम, पण झोत अगदी मंद: ब्लोअर, फ्यूज, स्विच, अर्थिंग किंवा धुळीने भरलेला हवामार्ग.
- चढावर किंवा इंजिनाचा वेग वाढवल्यावर गरम, उभ्या स्थितीत थंड: द्रवाची पातळी कमी, सैल पट्टा किंवा वॉटर पंपाची झिजलेली पाती.
- कधी गरम, कधी थंड, आणि डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज: शाखेत हवा. हवा काढूनही ती पुन्हा पुन्हा साचत असल्यास गळती किंवा हेड गॅस्केटचा दोष.
- गोडसर वास, काचेवर तेलकट थर, पायाखाली ओल: कोअरमधून केबिनमध्ये गळती.
- झोत व उष्णता दोन्ही ठीक, तरी केबिन गार: दाराचे रबर, गिअरच्या दांड्याभोवतीचे आवरण किंवा फरशीतील भोके यांतून बाहेरची हवा आत येणे.

हीटर थंड पडणे आणि त्याच वेळी तापमापकाचा काटा वर चढणे हे विशेष गंभीर लक्षण आहे. कोअर पुष्कळदा इंजिनापेक्षा उंच असतो. म्हणून द्रव कमी झाला की त्यात प्रथम हवा शिरते. अशा वेळी चालक केवळ थंडीची तक्रार करतो, पण प्रत्यक्षात इंजिन पाण्यावाचून चाललेले असते. ट्रक सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करणे हाच योग्य उपाय ठरतो.

## तपासणीचा क्रम

तपासणी सोप्या व बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू केली जाते. कोअर बाहेर काढण्यासाठी बहुधा डॅशबोर्ड उघडावा लागत असल्याने ते काम शेवटी केले जाते.

१. द्रवाची पातळी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी उघडून पातळी व द्रवाचा रंग पाहतात. तांबूस, गढूळ पाणी गंजाचे, तर दुधाळ किंवा तेलकट तवंग इंजिन तेल मिसळल्याचे चिन्ह असते. टोपीचे रबर व स्प्रिंग याच वेळी तपासतात.

२. इंजिनाचे तापमान. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर लक्ष ठेवतात. थर्मोस्टॅट ठीक असल्यास हा पाइप काही काळ गार राहतो आणि झडप उघडताच एकदम गरम होतो. तो सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेल्यास थर्मोस्टॅट उघडा किंवा गैरहजर असल्याचे समजते. जुना काटा विश्वासार्ह नसल्यास स्पर्शरहित तापमापक वापरतात.

३. हीटरचे दोन पाइप. ही सर्वांत महत्त्वाची चाचणी होय. इंजिन गरम झाल्यावर, हीटरचा कॉक पूर्ण उघडून व ब्लोअर चालू ठेवून दोन्ही पाइपांचे तापमान पाहतात.

- दोन्ही चांगले गरम असल्यास द्रव वाहत आहे. दोष हवेच्या बाजूला शोधावा.
- एक गरम व दुसरा गार असल्यास कॉक बंद आहे किंवा कोअर तुंबला आहे.
- दोन्ही कोमट असल्यास इंजिनच पुरेसे गरम नाही.
- दोन्ही गार असून इंजिन गरम असल्यास द्रव कमी आहे, हवा धरली आहे किंवा शाखा मध्येच बंद केलेली आहे.

पाइप फार गरम असू शकतात. म्हणून हात जाड कापडावरून व क्षणभरच लावावा आणि फिरता पंखा व पट्टा यांपासून दूर ठेवावा.

४. कॉक व केबल. डॅशबोर्डवरील दांडा हलवला तरी कॉकवरील पाते खरोखर फिरते का, हे पाहतात. केबल सुटलेली किंवा गंजलेली असणे हा सामान्य दोष आहे.

५. विजेची बाजू. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा २४ व्होल्टची, तर अनेक हलक्या वाहनांत १२ व्होल्टची यंत्रणा असते. २४ व्होल्टची मोटार १२ व्होल्टवर मंद फिरते, तर १२ व्होल्टची मोटार २४ व्होल्टवर जळते. ब्लोअर चालू असताना मोटारीच्या टोकांवरील व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजहून बरेच कमी भरल्यास गंजलेले जोड किंवा अर्थिंग साफ करावे लागते.

६. हवामार्ग. कोअरच्या पंखांत साचलेली धूळ, कापसाचे तंतू किंवा उंदरांनी आणलेला कचरा काढतात आणि झडपा पूर्ण फिरतात याची खात्री करतात.

## दुरुस्ती

### कोअर धुणे

इंजिन थंड झाल्यावर दोन्ही पाइप सोडवून कोअरमधून साध्या नळाचे पाणी नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने सोडतात. गाळ सुटू लागल्यावर दिशा आलटून पालटून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतात. पाण्याचा दाब कमी ठेवणे आवश्यक असते. सर्व्हिस स्टेशनवरील उच्च दाबाच्या फवाऱ्याने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने जुन्या कोअरचे झाळलेले जोड फुटू शकतात. धुऊनही प्रवाह सुधारला नाही तर कोअर बदलावा लागतो. तुंबलेला कोअर धुतला व रेडिएटरमधील गाळ तसाच ठेवला, तर काही काळाने दोष परत येतो. म्हणून संपूर्ण शीतन व्यवस्था एकाच वेळी धुणे इष्ट असते.

### थर्मोस्टॅट

काढलेला थर्मोस्टॅट बाहेरच तपासता येतो. तो पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लटकवून पाणी तापवतात व झडप कोणत्या तापमानास उघडते ते पाहतात. उघडण्याचे तापमान बहुधा त्याच्यावरच कोरलेले असते.

थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन थंड राहते, असा किनारपट्टीवरील अनेकांचा अनुभव असला तरी त्याची किंमत मोजावी लागते. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, ते इंजिन तेलात मिसळते आणि लायनर व रिंगांची झीज वाढते. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास मार्गही बंद करतो, त्यांत तो काढल्यास बायपास कायमचा उघडा राहतो. मग काही द्रव रेडिएटरकडे न जाताच परत फिरतो व उन्हाळ्यात, भार असताना इंजिन उलट अधिक तापू शकते.

### हवा काढणे

द्रव भरताना हीटरचा कॉक पूर्ण उघडा ठेवतात. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत द्रव सावकाश भरतात. स्क्रू नसल्यास कोअरचा परतीचा पाइप थोडा सैल करून हवा जाऊ देतात. ट्रकचे पुढचे टोक उंचावर राहील असे उभे केल्यास हवा सहज वर येते. इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासतात.

## शीतक द्रव

शीतक द्रवात सामान्यतः इथिलीन ग्लायकॉल, क्षारविरहित पाणी व गंजरोधक द्रव्ये असतात. सम प्रमाणातील मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत, तर एकतृतीयांश ग्लायकॉल असलेले मिश्रण सुमारे उणे १७ अंशांपर्यंत गोठत नाही. साधे पाणी शून्य अंशास गोठते व त्या वेळी त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. भाईंदरमध्ये नळाचे पाणी भरून निघालेला ट्रक काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशात रात्रभर उभा राहिल्यास कोअर, रेडिएटर किंवा इंजिन ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असते. काढलेला द्रव गटारात, खाडीत किंवा जनावरे पितील अशा जागी टाकू नये. तो पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत साठवणेही धोक्याचे आहे.

## सुरक्षितता

### कार्बन मोनॉक्साइड

हीटर चालत नसल्याने केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह पेटवून काचा बंद करून झोपणे प्राणघातक ठरू शकते. अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व गुंगी ही प्रारंभिक लक्षणे असली तरी झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. निखारे विझत आल्यासारखे दिसले तरी वायू निर्माण होतच राहतो. इंजिन चालू ठेवून झोपल्यास गळक्या सायलेन्सरमुळे किंवा इंजिनाच्या झाकणातील फटींमुळे धूर आत येण्याचा धोका असतो.

बाधित व्यक्तीला तत्काळ मोकळ्या हवेत आणून ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागवावी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

### काचेवरील बाष्प

थंड काचेवर श्वासातील बाष्प साचून चालकाची दृष्टी अडते. बाहेर धुके असताना हा धोका दुणावतो. हीटरची कोरडी, गरम हवा काचेवर सोडणे व बाहेरची हवा आत घेणे हा त्यावरील उपाय होय. सतत हाताने काच पुसत चालवावे लागत असेल, तर हीटरची दुरुस्ती सोयीची बाब न राहता वाहतूक सुरक्षेची बाब ठरते.

### भाजण्याचा धोका

गरम इंजिनाच्या रेडिएटरमधील द्रव दाबाखाली असतो व १०० अंशांहून अधिक तापलेला असू शकतो. टोपी उघडताच दाब सुटून तो उसळतो. त्यामुळे टोपी थंड झाल्यावरच उघडावी.

## तात्पुरते उपाय

प्रवासात रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा किंवा गोणपाट लावून इंजिन उबदार ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे. थर्मोस्टॅट नसलेल्या ट्रकमध्ये तिचा उपयोग होतो. मात्र रेडिएटर पूर्ण झाकू नये, तापमापकावर लक्ष ठेवावे आणि घाट लागण्यापूर्वी किंवा हवा उबदार होताच आच्छादन काढावे. दार व गिअरच्या दांड्याभोवतीच्या फटी बुजवणे, फरशीवर जाड चटई अंथरणे आणि थांबल्यावर ब्लँकेट वापरणे हे निर्धोक उपाय आहेत.

## हंगामी देखभाल

किनारपट्टीवर ऑक्टोबर महिन्यात उकाडा असताना हीटरची आठवण होत नाही, परंतु उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकसाठी तपासणीचा योग्य काळ हाच असतो. द्रवाची पातळी व प्रमाण, थर्मोस्टॅटचे अस्तित्व, होज पाइप व क्लॅम्प, कॉकची हालचाल आणि ब्लोअरचा झोत या पाच गोष्टी अल्प वेळात पाहता येतात. हीटर वर्षभर महिन्यातून एकदा काही मिनिटे चालवल्यास कॉक जाम होत नाही व कोअरमध्ये गाळ बसत नाही. जुना ट्रक विकत घेताना हीटरचे दोन्ही पाइप प्रत्यक्ष जोडलेले आहेत का, हे पाहणेही उपयुक्त ठरते. त्यांच्या स्थितीवरून पूर्वीच्या देखभालीचा अंदाज येतो.

## हे सुद्धा पहा

- डिझेल इंजिन
- रेडिएटर
- कार्बन मोनॉक्साइड
- राष्ट्रीय महामार्ग ४८
- मीरा-भाईंदर